टॅबवरचा धडा रडारड न होता कसा संपवायचा?

तीन ते पाच वर्षांच्या मुलाला टॅब देणं सोपं, परत घेणं कठीण. आधी हिशेब ठरवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये २ ते ४ वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त १ तास सांगितला. कमी असेल तर उत्तमच. यात टीव्हीही आला. शिकायला त्यातली १५ मिनिटं पुरतात.

व्हिडिओ आधीच डाउनलोड करा, वायफाय बंद करा, ॲप पिन करा, म्हणजे मूल दुसऱ्या ॲपवर जाणार नाही. ऑटोप्ले, म्हणजे पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होणं, बंद हवाच. तो चालू असेल तर पुढचं सगळं व्यर्थ.

विषय घराजवळचा घ्या. नवी मुंबईत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उत्तम. तो चोच पाण्यात उलटी बुडवतो तिथे व्हिडिओ थांबवा आणि विचारा, "असं का करतो रे?" उत्तराची वाट बघा. शेजारी बसायला वेळ नसेल, तर त्या दिवशी टॅब नको.

आता खरी अडचण. "अजून दोन मिनिटं हं" हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो चुकीचा आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांना २०१६ मध्ये आढळलं, की अशा सूचनेने रडारड उलट वाढते. मुलाला दोन मिनिटं म्हणजे किती हे कळत नाही. खेळ मोडणार, एवढंच कळतं. म्हणून वेळ नको, संख्या सांगा: "आज दोन व्हिडिओ." समोर दोन मोठे ठोकळे ठेवा (चिंचोके नकोत, तोंडात जातात). एक व्हिडिओ संपला की एक ठोकळा डब्यात, तोही मुलानेच टाकायचा. दोन्ही ठोकळे डब्यात गेले की टॅब बंद करायचं बटणही त्यालाच दाबू द्या. मध्येच हिसकावून घेऊ नका. व्हिडिओ संपेपर्यंत थांबा.

पाटावर कणकेचा गोळा आणि बिटाचा रस आधीच मांडलेला हवा. बटण दाबलं की लगेच गुलाबी रोहित करायला बसायचं. मधे रिकामी पाच मिनिटं गेली, की हट्ट सुरू झालाच म्हणून समजा.

पहिले काही दिवस रडणं होईल. तेव्हा तिसरा व्हिडिओ अजिबात लावू नका. एकदा लावलात, की रडलं की मिळतं हे पक्कं होतं. जवळ घ्या, पण टॅब कपाटातच.

हिवाळ्यात भरतीची वेळ बघून नवी मुंबईतल्या सीवूड्सच्या पाणथळीवर न्या. खाडीतलं पाणी चढलं की रोहित तिथे येतात. उलटी चोच मुलालाच शोधू द्या.