‘हॅव’ची व्युत्पत्ती शोधताना या चुका टाळा

इंग्रजी ‘हॅव’, जर्मन ‘हाबेन’ आणि लॅटिन ‘हाबेरे’ या तिन्ही क्रियापदांचा अर्थ ‘जवळ असणे’ असा असल्यामुळे ती सख्खी भावंडे असावीत असे वाटते, आणि या व्युत्पत्तीतील सर्वांत मोठी चूक नेमकी येथेच होते. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार मूळ इंडो-युरोपीय (म्हणजे संस्कृत, लॅटिन, इंग्रजी यांच्या समान पूर्वज भाषेतील) ‘क’चा जर्मानिक शाखेत, म्हणजे इंग्रजी, जर्मन यांच्या कुळात, ‘ह’ झाला, लॅटिनमध्ये मात्र तो ‘क’च राहिला, म्हणून लॅटिन ‘केंटुम’ आणि ‘कोर्नू’ यांना इंग्रजीत ‘हंड्रेड’ आणि ‘हॉर्न’ हे जोडीदार मिळतात. याउलट लॅटिनमधला आरंभीचा ‘ह’ सहसा मूळ ‘घ’पासून आलेला असतो आणि जर्मानिकमध्ये त्याच्या जागी ‘ग’ दिसतो, जसे लॅटिन ‘होस्टिस’ (परका, शत्रू) आणि जर्मन ‘गास्ट’ (पाहुणा). या हिशेबाने ‘हॅव’चे लॅटिन भावंड ‘कापेरे’, म्हणजे पकडणे, हे ठरते. ‘हाबेरे’चा संबंध अभ्यासक सहसा ‘गिव्ह’शी जोडतात. अर्थ जुळला तरी आधी व्यंजने जुळवून पाहावीत.

ग्रिमच्या नियमापाशीच थांबणे ही दुसरी चूक. त्या नियमाने ‘प’चा ‘फ’ व्हायला हवा, पण गॉथिक या लुप्त जर्मानिक भाषेतील ‘हाबान’ (जवळ असणे) या रूपात ‘ब’ आहे, आणि येथे अपवाद म्हणून पुढे जाण्याची घाई बरेच जण करतात. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ कार्ल व्हर्नर यांनी १८७० च्या दशकात दाखवून दिले की आधीच्या अक्षरावर स्वराघात (उच्चारातला जोर) नसेल तर ‘फ’सारखे घर्षक, म्हणजे हवा घासत उच्चारली जाणारी व्यंजने, मृदू होतात. या स्वराघाताची साक्ष त्यांना वैदिक संस्कृतने दिली, जिथे ‘पितृ’चा आघात शेवटी आणि ‘भ्रातृ’चा आरंभी असतो. (वैदिक स्वर केवळ पठणापुरते आहेत असे मानणाऱ्यांनी हे जरूर पाहावे.) ‘हाबान’च्याच धातूपासून आलेल्या गॉथिक ‘हाफ्यान’, म्हणजे उचलणे, या क्रियापदात ‘फ’ टिकला आहे.

आद्य जर्मानिक, म्हणजे जर्मानिक भाषांच्या पूर्वज भाषेतील, रूप तारकाचिन्हाशिवाय (*) लिहू नये, कारण ते लेखी पुराव्यात सापडलेले नसून अनुमानाने सिद्ध केलेले असते. एकाच कोशातील रूप अंतिम समजणेही धोक्याचे आहे: प्राचीन इंग्रजी ‘हाब्बान’मधील जोड ‘ब’ पुढच्या ‘य’कडे बोट दाखवतो, तर गॉथिकमधील रूपांना दीर्घ ‘ए’ असलेला प्रत्यय अधिक सोयीचा पडतो, आणि त्यामुळे कोशांत *हब्यानं व *हबेनं अशी दोन्ही रूपे आढळतात.