इन्स्टॉल स्क्रिप्ट चालवण्याआधी पोर्ट बघा

नेक्स्टक्लाउड (फाइल साठवण्यासाठी), जेलीफिन (व्हिडिओ-गाणी बघण्या-ऐकण्यासाठी) यांसारखं ॲप स्वतःच्या लिनक्स सर्व्हरवर एका कमांडमध्ये बसवून देणाऱ्या स्क्रिप्ट खरोखर कामाच्या असतात. फक्त कर्लने (इंटरनेटवरून फाइल आणणारी कमांड) आणलेली स्क्रिप्ट थेट सुडो बॅशच्या हवाली करू नका, म्हणजे न वाचता ॲडमिनच्या अधिकाराने चालवू नका. आधी फाइल डाउनलोड करून वाचा. डेटा कुठल्या फोल्डरमध्ये जातो आणि कुठले पोर्ट (नेटवर्कवरून ॲपपर्यंत पोचायचे क्रमांकित दरवाजे) उघडतात, एवढं तरी बघाच. पोर्टचं तर विशेष. स्क्रिप्ट ॲप डॉकरमध्ये (ॲप कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन) चालवत असेल, तर डॉकर आयपीटेबल्समध्ये (लिनक्सचे नेटवर्क-नियम) स्वतःचे नियम घालतो, त्यामुळे त्याने उघडलेला पोर्ट यूएफडब्ल्यू या फायरवॉलला जुमानत नाही. फायरवॉल चालू असूनही ॲप बाहेरून दिसू शकतं! त्याच मशीनवरच्या रिव्हर्स प्रॉक्सीमागे (बाहेरच्या विनंत्या घेऊन ॲपकडे पोचवणारा सर्व्हर) ॲप ठेवायचं असेल, तर डॉकरच्या कंपोज फाइलमध्ये (कंटेनरच्या सेटिंगची फाइल) पोर्टच्या जोडीआधी (मशीनचा पोर्ट:कंटेनरचा पोर्ट) 127.0.0.1 (मशीनचा स्वतःचाच पत्ता) आणि कोलन (:) लिहा, मग कंटेनर पुन्हा उभा करा.