आजोबा मूळचे कुठले? जहाजाच्या यादीतून ज्यू कुटुंबाचं गाव कसं शोधावं

रायगडातल्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू कुटुंबांचं गाव त्यांच्या आडनावातच असतं. रोहेकर म्हटलं की रोहा, पेणकर म्हटलं की पेण. पूर्व युरोपातून अमेरिकेला गेलेल्या ज्यू कुटुंबांना ही सोय नाही. घरात विचारलं तर ‘रशियातून आले’ एवढंच कळतं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या रशियात आजचे लिथुआनिया, बेलारूस, बराचसा युक्रेन आणि पोलंडचा मोठा भाग येत होता. अशा वेळी गावाचं नाव मिळण्याची सगळ्यात चांगली जागा म्हणजे जहाजाची प्रवासी यादी.

पण शोध जहाजापासून सुरू करू नका, कबरीपासून करा. ज्यू थडग्यावर हिब्रूत बहुधा ‘अमुक बेन तमुक’ असं कोरलेलं असतं. बेन म्हणजे मुलगा, बाईच्या थडग्यावर त्या जागी बात. म्हणजे बापाचं नाव हातात आलं. ते वहीत लिहून ठेवा, पुढे त्याच्यावरच सगळं ताडून पाहायचं आहे. मग अमेरिकन नागरिकत्वाचे कागद काढा. सप्टेंबर १९०६ नंतरच्या अर्जांत जहाजाचं नाव आणि उतरल्याची तारीख विचारलेली असे. ते मिळाले नाहीत, तर १९०० ते १९३० च्या अमेरिकन जनगणनांमध्ये निदान आल्याचं साल मिळतं.

आता नावाचा प्रश्न. ‘एलिस आयलंडवरच्या साहेबानं आमचं आडनाव बदललं’ ही गोष्ट कितीतरी घरांत सांगतात (एलिस आयलंड म्हणजे न्यूयॉर्कजवळचं, बाहेरून आलेल्यांची तपासणी होई ते बेट). ती मनातून काढून टाका. यादी जहाज सुटायच्या बंदरावर, जहाज कंपनीचे कारकून बनवत. न्यूयॉर्कला अधिकारी ती समोर ठेवून प्रश्न विचारत. नावं पुढे लोकांनी स्वतःच बदलली. म्हणून यादीत ‘मॉरिस’ हे अमेरिकेत घेतलेलं नाव शोधून उपयोग नाही, मोशेची जुनी रूपं मोइशे किंवा मोव्शा शोधा. आडनावाचंही तसंच: रशियन भाषेत ‘ह’ नाही, म्हणून हर्शमनचा गेर्शमन होतो आणि होरोविट्झचा गुर्विच. या घोळासाठीच १९८५ मध्ये डेच-मोकोटोफ ही उच्चारावरून नावं जुळवणारी पद्धत तयार झाली. इंटरनेटवर स्टीव्ह मोर्स यांच्या शोध-पानांवर ती वापरता येते. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावरही याद्या फुकट पाहता येतात.

नाव सापडलं की संगणकानं दिलेल्या चार ओळींवर थांबू नका. मूळ पानाचं चित्र उघडा आणि उजवीकडच्या शेवटच्या रकान्यापर्यंत वाचा. १९०७ पासूनची यादी दोन पानांवर पसरलेली असते, त्यामुळे दुसरं पान उघडायला विसरू नका. ‘वंश’ या रकान्यात ‘हिब्रू’ लिहिलेलं दिसेल. त्यानंतर मायदेशी राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि पत्ता येतो. माझ्या मते सगळ्या यादीत याहून मोलाचा रकाना नाही. समजा तिथे ‘वडील लेब, लिदा’ (लिदा हे आजच्या बेलारूसमधलं गाव) असं आहे आणि थडग्यावरही ‘मोशे बेन लेब’ आहे, तर बहुधा तुमचाच माणूस सापडला. दुसऱ्या पानावर कोणाकडे जाणार त्याचं नाव-पत्ता, उंची, डोळ्यांचा रंग आणि अगदी शेवटी जन्मगाव. समासात फुली दिसली तर त्या माणसाला थांबवून ठेवलं होतं. त्याचं कारण त्या जहाजाच्या नोंदींच्या शेवटी, अडकवलेल्या लोकांच्या वेगळ्या यादीत मिळतं.

बायको-मुलं बहुधा मागाहून येत. त्यांची यादी जरूर काढा. बायकोनं जवळचा नातेवाईक म्हणून आपल्या वडिलांचं नाव दिलं असेल, तर तिचं माहेरही कळतं.

गावाच्या नावात मात्र घाई नको. मिन्स्क, ग्रोद्नो, कोव्नो ही शहरंही होती आणि त्याच नावांचे प्रांतही. लोक प्रांताचं नाव सांगून मोकळे होत. यिद्दिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या बोलीतली नावं वेगळीच: ब्रिस्क म्हणजे ब्रेस्ट, लेम्बर्ग म्हणजे लविव. ज्यूइशजेन या ज्यू वंशावळीच्या संकेतस्थळावरच्या गावसूचीत अशी पर्यायी नावं आणि आजचा देश दोन्ही सापडतात. अक्षर लागत नसेल तर जर्मनीतल्या हॅम्बुर्ग बंदराची यादी पाहा. तिथून सुटलेल्या प्रवाशांच्या १८५० ते १९३४ च्या नोंदी बऱ्याचशा टिकल्या आहेत, आणि त्याच माणसाचं गाव तिथे वेगळ्या हातानं लिहिलेलं असतं. ब्रेमेन या दुसऱ्या जर्मन बंदराच्या जुन्या याद्या मात्र बहुतेक नष्ट झाल्या.

गाव पक्कं झाल्यावर एक काम उरतं, ते टाळू नका. लिदामध्ये ८ मे १९४२ रोजी नाझींनी हजारो ज्यूंना गोळ्या घातल्या. अशा शेकडो गावांत तेच घडलं. ‘जवळचा नातेवाईक’ या रकान्यातल्या माणसाचं आडनाव आणि गाव याद वाशेम या जेरुसलेममधल्या ज्यू हत्याकांडाच्या स्मारक-संस्थेच्या नावांच्या संग्रहात शोधा. तिथल्या साक्षीच्या पानांवर मारल्या गेलेल्या माणसाच्या आई-वडिलांची नावं असतात आणि खाली ते पान भरून देणाऱ्याचं नाव, त्याचं मृताशी असलेलं नातं. तो माणूस तुमच्याच घरातला असू शकतो.