कूगर माउंटन: जुन्या कोळसा खाणींवरून धबधब्याकडे

सिएटलच्या बाजूला, बेलव्ह्यूत तुमच्याकडे आई-बाबा राहायला आले असतील, तर एका सकाळी त्यांना कूगर माउंटनवर न्याच. लेकमाँट बूलेव्हार्डवरचं रेड टाउन ट्रेलहेड, म्हणजे पायवाटा सुरू होतात ती जागा, गाठा. पार्किंग फुकट, पास लागत नाही. फक्त शनिवार-रविवारी लवकर निघा, जागा पटापट भरते.

आधी वाइल्डसाइड ट्रेलने फोर्ड स्लोप खाण पाहून या, अगदी जवळ आहे. माझे सासरे बल्लारपूरच्या भूमिगत कोळसा खाणीत ओव्हरमन, म्हणजे कामावर देखरेख करणारे, होते. फोर्ड स्लोपच्या बुजवलेल्या तोंडापाशी त्यांनी हात तिरका धरून दाखवला, "हे इन्क्लाइन, खाली उतरणारी तिरकी वाट. टब, म्हणजे कोळशाच्या छोट्या गाड्या, इथून दोरानं वर ओढत असणार." शेजारचा वाफेच्या हॉइस्टचा (दोर ओढणाऱ्या यंत्राचा) पायाही त्यांनी फलक वाचायच्या आधीच ओळखला. १८६३ पासून १९६३ पर्यंत, शंभर वर्षं या भागातून कोळसा निघाला. जहाजांत भरून तो सॅन फ्रान्सिस्कोलाही जायचा.

मागे फिरून रेड टाउन ट्रेल धरा, मग केव्ह होल ट्रेल, आणि तिथून कोल क्रीक फॉल्सचा फाटा. पाट्या आहेत, चुकायला होत नाही. जाऊन-येऊन साधारण अडीच मैल, चढ बेताचा. गुडघे दुखणाऱ्यांनाही सावकाश जमतो.

केव्ह होल ट्रेलवर मात्र जपून. कडेला नेच्यांनी भरलेले खळगे दिसतात, ते पाण्याने झालेले नाहीत. इथल्या कोळशाच्या सीम (थर) तिरक्या, पार जमिनीलगत आलेल्या. सासऱ्यांनी सांगितलं, "आतला कोळसा काढला, टेकू कुजले की छत बसतं, मग वरची जमीन खचते." धोक्याच्या पाट्या त्यासाठीच आहेत. वरून घट्ट दिसणाऱ्या मातीखाली पोकळी असू शकते, म्हणून फोटोसाठीसुद्धा वाट सोडायची नाही. लहान मुलांचा हात धरा, कुत्रा असेल तर पट्ट्यालाच ठेवा. कडेच्या खाजकुयलीसारख्या नेटलला हात लावू देऊ नका.

ऑगस्टमध्ये धबधबा जेमतेम ठिबकतो. पाणी बघायचं तर नोव्हेंबर ते एप्रिल. तेव्हा चिखल असतो, म्हणून तळाला खाचा असलेले बूट आणि पायमोज्यांचा जादा जोड घ्या. डिसेंबरात दुपारी दोनपर्यंत परत फिरा. सूर्य साडेचारच्या आत मावळतो आणि फर-हेमलॉकच्या दाटीत त्याआधीच अंधारतं.