लॉ कॉलेजचं प्रिन्सिपल व्हायचंय? मग आधी हे वाचा

एलएलबी झालं की सगळे कोर्टाकडे पळतात, पण शिकवायचं असेल तर एलएलएम (कायद्यातली मास्टर्स डिग्री) कराच, त्यात किमान ५५ टक्के पाडा (राखीव प्रवर्गाला ५० चालतात) आणि लगेच नेट किंवा सेट (प्राध्यापकीसाठीच्या पात्रता परीक्षा) द्या, कारण पुढे ढकललं की ते राहूनच जातं. असिस्टंट प्रोफेसर म्हणून लागलात की पीएचडी सुरू करा. विषय मात्र गाईडला आवडतो म्हणून घेऊ नका हां, तुम्हालाच तो कितीतरी वर्षं उगाळायचाय.

प्रॅक्टिसचं काय? फुलटाइम पगारी नोकरी घेतली की वकिली थांबवावी लागते. उलट वकील राहून दिवसाला ३ तासांपर्यंत कायदा शिकवता येतो, बार कौन्सिलचे (वकिलांची नियामक संस्था) १९७९ चे नियमच आहेत तसे, त्यामुळे सुरुवातीला हा मार्ग मस्त.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ च्या नियमांनुसार प्रिन्सिपलसाठी पीएचडी, १५ वर्षांचा अनुभव, किमान १० चांगले पेपर आणि ११० चा रिसर्च स्कोअर (संशोधनाच्या कामाचे गुण) लागतो, शिवाय आधी असोसिएट प्रोफेसर तरी असायला हवं. पेपर पैसे भरून कुठेही छापू नका, इंटरव्ह्यूत लगेच कळतं. खुर्ची मिळते ५ वर्षांसाठी. मग बार कौन्सिलचं इन्स्पेक्शन, नॅक (कॉलेजच्या दर्जाचं मूल्यांकन), अ‍ॅडमिशन, फाइल्स, आणि वाचन गेलं बोंबलत! म्हणून एक तरी लेक्चर स्वतःकडे ठेवा. बाबासाहेब १९३५ मध्ये मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्रिन्सिपल झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, तेव्हा वेळ मिळत नाही हे कारण जरा जपूनच सांगा.