डोळ्यांची आग अशी थांबली

शाहूपुरीत हिशेबाचं काम करतो, दिवसभर कॉम्प्युटर. गेल्या मार्चमध्ये संध्याकाळ झाली की डोळ्यांत तिखट गेल्यासारखी आग व्हायची, आकडा तीन की आठ कळेना. गुलाबपाणी घालून बघितलं, उलट जास्तच चुरचुरलं. नंबर वाढला असेल म्हणून तपासायला गेलो, तर डॉक्टर म्हणाले, "नंबर तोच आहे. तुम्ही पापणीच मिटत नाही." स्क्रीनकडं टक लावली की उघडझाप बरीच कमी होते, डोळा कोरडा पडतो.

दुसरा गुन्हेगार टेबलफॅन, वारं थेट तोंडावर. तो पायाकडं फिरवला. मॉनिटरखालच्या दोन जाडजूड फायली काढल्या. स्क्रीन नजरेच्या जरा खाली आला की पापणी थोडी झुकलेली राहते, डोळा कमी सुकतो. शिवाय दर 20 मिनिटांनी 20 फुटांपलीकडं 20 सेकंद बघायचं. आमच्या खिडकीतून समोरच्या चहागाडीवरचं उकळतं पातेलं दिसतं, तेच बघतो. (चहा वाढला, ती गोष्ट वेगळी.) पहिले चार दिवस विसरलोच, मग मोबाईलला गजर लावला.

तीनेक आठवड्यांत आग गेली. वयाप्रमाणं चाळिशी कधीतरी नाकावर बसणारच, पण तूर्तास तीन आणि आठ वेगळे दिसतात.