‘फायनल-नवीन-खरं’: पलंगावरच्या प्रॅक्टिसचं ऑफिस होताना

“मॅम, घरूनच प्रॅक्टिस करतेय, कामं वाढलीत. आधी जागा घेऊ की आधी माणूस ठेवू?” मी नाशिकमध्ये आर्किटेक्ट आहे, आणि नव्या आर्किटेक्ट मुलींचा महिन्यातून एखादा तरी असा फोन येतो. दर वेळी मी साइटवर असते, मागे मिक्सर चालू असतो आणि मी अर्धवट काहीतरी सांगते. म्हणून एकदाचं लिहून काढते.

माझी सुरुवात 2014 मध्ये नाशिकच्या इंदिरानगरमधल्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत झाली. नकाशाची ए-वन आकाराची मोठी प्रिंट टेबलावर मावत नसे, म्हणून पलंगावर पसरायची आणि रात्री झोपताना कुणाचा तरी अख्खा बंगला गुंडाळून कपाटावर ठेवायची. क्लायंट आले की सासूबाई चहा टाकायच्या. एकदा फीची बोलणी ऐन रंगात आली असताना कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या आणि माझा आकडा शिट्टीत विरला. घरातून काम करण्याची लाज बाळगू नका. घरात ऑफिस आहे म्हणून मला कुणी काम नाकारलं नाही. “घरीच तर करता” म्हणत फी मात्र दोघातिघांनी कापली. त्यावर उपाय एकच, नेमणुकीचं पत्र. कामाची व्याप्ती, फीचे टप्पे, जीएसटी वेगळा, सगळं त्यात लिहायचं आणि सही झाल्याशिवाय पेन्सिल उचलायची नाही. नात्यातलं काम असेल तर आधी सही.

तेव्हा शहरात कपाटांचं प्रकरण गाजत होतं. फ्लॅटमधल्या कपाटाचं क्षेत्र एफएसआयमध्ये (प्लॉटवर किती बांधता येतं त्या हिशेबात) मोजायचं की नाही यावरून कितीतरी इमारतींचे भोगवटा दाखले, म्हणजे राहायला जायची परवानगी, अडकून पडले होते. बिल्डर हात आखडून बसले, म्हणून मी बंगले आणि इंटिरिअर करत राहिले. आज मागे पाहताना वाटतं की बरंच झालं. बंगल्यात चूक लपत नाही. ज्याचं घर आहे तो रोज त्यात राहतो आणि रोज तुमची आठवण काढतो.

आता मी ज्यात अडकले ते सांगते, आणि जरा सविस्तरच सांगते.

एकटी होते तोवर माझं ऑफिस माझ्या डोक्यात होतं. कुठल्या साइटवर कुठला नकाशा गेलाय, कुणाचा जिना बदलला, कुणाच्या देवघराची दिशा फिरली, सगळं पाठ. स्लॅबच्या आदल्या दिवशी मी स्वतः सळया बघायला जायची, त्यामुळे कागदावर गोंधळ असला तरी साइटवर निस्तरला जायचा. मग 2018 मध्ये पहिली ट्रेनी आली. मुलगी हुशार, हात वेगवान. तीनच्या सात साइट झाल्या. कामं वाढली, डोकं एकच राहिलं.

पाथर्डी फाट्याजवळचा बंगला. पहिल्या मजल्यावरचं टॉयलेट वास्तुवाल्यांच्या सांगण्यावरून कोपऱ्यातून उचलून जिन्याशेजारी आणायचं ठरलं. रात्री अकराला मी बदल केला, पीडीएफ काढली आणि “हे फायनल” असं लिहून कॉन्ट्रॅक्टरच्या व्हॉट्सॲपवर टाकली. आमच्या फोल्डरमध्ये तेव्हा चार फाइली होत्या: ‘फायनल’, ‘फायनल-2’, ‘फायनल-नवीन’ आणि ‘फायनल-नवीन-खरं’. हसू नका, तुमचंही फोल्डर उघडून बघा. त्याच आठवड्यात ट्रेनीने आरसीसीवाल्यांना (स्लॅब-बीमचं डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरना) नकाशा पाठवला तो ‘फायनल’. तिचं काय चुकलं? नावच ते होतं. साइटवर सिमेंटच्या गोदामाच्या भिंतीला महिन्यापूर्वीची प्रिंट चिकटवलेली होती, तिच्यातही टॉयलेट जुन्याच कोपऱ्यात. आरसीसीचं शीट आणि भिंतीवरची प्रिंट जुळली म्हटल्यावर मिस्त्रीला शंका यायचं कारणच उरलं नाही.

रविवारी स्लॅब पडला. मी एका लग्नाला गेले होते. सोमवारी वर चढून पाहते तर मुलांच्या बेडरूमच्या मधोमध नऊ इंचांचा खड्डा. टॉयलेटचा संक स्लॅब, म्हणजे पाइपांसाठी मुद्दाम खाली घेतलेला भाग, जुन्या जागी उतरवलेला, आणि नव्या टॉयलेटच्या जागी सपाट काँक्रीट. कॉन्ट्रॅक्टरने काही न बोलता फोन पुढे केला. स्क्रीनवर माझंच “हे फायनल”. फक्त त्याच्याकडे माझी अशी तीन “हे फायनल” होती.

तोडायचं म्हणजे ओला स्लॅब, सळया आणि बीम, सगळ्यालाच हात. बेडरूममधला खड्डा हलक्या वजनाचा भराव घालून बुजवला. नव्या टॉयलेटखाली पाइपांना जागाच नव्हती, म्हणून त्याची फरशी वर उचलावी लागली. भिंतीवर टांगायचा कमोड घेऊन त्याची लाइन भिंतीतून बाहेरच्या डक्टमध्ये काढली, तेव्हा कुठे नऊ इंचांची पायरी साडेचारवर आली. कमोडच्या किमतीतला फरक आणि भरावाचा खर्च मी दिला. तो देऊन विषय संपला असता, पण त्या घरातल्या आजींचे गुडघे दुखतात. वास्तुशांतीला मी गेले तेव्हा त्या चौकटीला धरून एक पाय वर ठेवून थांबल्या आणि म्हणाल्या, “अगं, ही पायरी कशाला गं ठेवलीस?” मी काय सांगणार?

यानंतर मी जे केलं ते फार साधं आहे. स्टेशनरीच्या दुकानातून एक लाँगबुक आणलं. शीटचा नंबर, रिव्हिजन (आर-झिरो, आर-वन, आर-टू), तारीख, काय बदललं, कुणाला दिलं, घेणाऱ्याची सही. ‘फायनल’ हा शब्द ऑफिसात बंद. बांधकामासाठीच्या शीटवर शिक्का मारायचा, आणि तो शिक्का एकाच व्यक्तीच्या ड्रॉवरमध्ये. बदल झाला की आरसीसी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, कॉन्ट्रॅक्टर सगळ्यांना एकाच दिवशी नवं शीट द्यायचं, आणि जुनं परत घेऊन त्यावर लाल फुली मारायची. फोनवरून किंवा व्हॉइस मेसेजवरून बदल सांगायचा नाही. सांगितलाच तर संध्याकाळच्या आत शीट निघालं पाहिजे. स्लॅबच्या दोन दिवस आधी नव्या शीटची प्रिंट हातात घेऊन वर चढायचं आणि संक, जिन्याचं कटआउट, डक्ट, पंख्याचे हूक, इलेक्ट्रिकचे पाइप मोजून बघायचे. मोजून म्हणजे टेपने. नजरेने नाही.

यासाठी महागडी सॉफ्टवेअरं आहेत, जरूर घ्या. पण ज्याला वही भरायचा कंटाळा आहे, त्याचं सॉफ्टवेअरही रिकामंच राहतं. पहिला माणूस ठेवण्याआधी हे सुरू करा. तो आल्यावर करू म्हणालात तर तो तुमच्याच गबाळ्या सवयी शिकेल.

आता माझी काही ठाम मतं. आवडली नाहीत तर सोडून द्या. नुसते थ्रीडी दाखवून मिळालेली कामं मला अजून पचलेली नाहीत; क्लायंट चित्राच्या प्रेमात पडतो आणि साइटवर तुमच्याशी भांडतो. गुरू करायचाच तर मोठ्या नावाचा नको. मला सर्वांत जास्त शिकवलं ते सातपूरच्या एका कारखान्याच्या कामावरच्या निवृत्त सुपरवायझरने. ते म्हणायचे, “ताई, कागद धुळीत टिकला पाहिजे.” आणि टाइल्सवाल्याचं पाकीट घेऊ नका. ‘सगळेच घेतात’ हे मला ठाऊक आहे. वास्तुविद परिषदेच्या 1989 च्या व्यावसायिक आचारनियमांत असं कमिशन घेणं गैरवर्तन आहे. ते बाजूला ठेवलं, तरी एकदा पाकीट घेतलं की खराब लॉट परत पाठवायची तुमची जीभ उचलत नाही.

पैशांचं थोडक्यात. वर्षाची फी 20 लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी आणि फीवर 18 टक्के. बंगल्याच्या क्लायंटला त्याचं क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, तो पैसा त्याच्या खिशातून जातो, म्हणून पहिल्या भेटीतच सांगा. कंपनी किंवा बिल्डरचं काम असलं की दहा टक्के टीडीएस कापून चेक येतो. पगाराचं गणित हातात पडणाऱ्या रकमेवर मांडा. मी चार महिन्यांचे पगार बाजूला ठेवल्याशिवाय दुसरा माणूस घेतला नाही. त्यासाठी गाडी दोन वर्षं उशिरा आली.

भागीदारीबद्दल एक सावधगिरी. माझा नवरा हिशेबात पक्का, म्हणून त्याला भागीदार करायचं आमचं जवळपास ठरलं होतं. पण 1972 च्या आर्किटेक्ट्स ॲक्टप्रमाणे भागीदारी फर्मला ‘आर्किटेक्ट’ हे नाव लावायचं तर सगळे भागीदार नोंदणीकृत आर्किटेक्ट असावे लागतात. तो आता घरबसल्या माझ्या बिलांवर कुरकुरतो, फुकट.

आज कॅनडा कॉर्नरजवळ 400 चौरस फुटांची भाड्याची जागा आहे आणि आम्ही पाच जण आहोत. जागा माणसांनंतर आली, तीही पलंगावर तिघी बसेनात म्हणून. भीती गेलेली नाही. महिन्याच्या 25 तारखेला अजूनही पोटात गोळा येतो. तुम्हालाही येईल, आणि पगार होतीलही.

सध्या 2026-27 च्या सिंहस्थाची घाई आहे. पंचवटीकडचे लोक लॉजवर मजला चढवायला येतात आणि म्हणतात, “मॅडम, नकाशा मागाहून, आधी काम सुरू करू.” नदीच्या निळ्या-लाल पूररेषा कुठून जातात हे बघायचीसुद्धा त्यांना उसंत नसते. अशी दोन कामं मी परत पाठवली. त्यातलं एक दुसऱ्याने घेतलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

गेल्या महिन्यात आडगावच्या साइटवर जिन्याचं आर-थ्री द्यायला गेले. मिस्त्रीने ते हातात घेण्याआधी पोराला जुनं शोधायला पिटाळलं. शीट सापडलं समोरच्या टपरीवर, भज्यांच्या परातीखाली. तेलाने पारदर्शक झालेलं, पण आर-टू नीट वाचता येत होतं. लाल फुली मारून फाइलला लावलंय. ऑफिसात अजून वास येतो.